नवा सीझन आवाज बंद करून बघितला, आता कुठलं ठेवू?

बर्फवाला_हर्णै
२० ऑक्टोबर २०२४, पहाटे ३:४०

मंडळी, ॲनिमेचा (जपानी ॲनिमेशन मालिकांचा) ऑक्टोबरचा सीझन लागून दोन-अडीच आठवडे झाले तरी इथे धागा नाही, म्हणून मीच काढतो. आधी माझी बघायची पद्धत सांगतो, नाहीतर पुढचं वाचून शिव्या घालाल.

मी हर्णै बंदराजवळ बर्फाच्या फॅक्टरीत रात्रपाळीला असतो. दोन कॉम्प्रेसर कायम चालू. त्या आवाजात शेजारचा माणूस काय बोलला ते कळत नाही, आम्ही हातवाऱ्यांवरच काम करतो. हेडफोन लावायला मनाई आहे आणि ती बरोबरच आहे, कारण मशीनचा सूर बदलला की तो कानालाच आधी कळतो आणि अमोनियाशी मस्करी नको. लाद्या काढायची एक फेरी झाली की पुढच्या फेरीपर्यंत थोडा वेळ मिळतो. तेवढ्यात मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवायचा आणि एक भाग उरकायचा. आवाज शून्य, खाली इंग्रजी सबटायटल. म्हणजे गेली दोन वर्षं मी ॲनिमे खरोखर फक्त 'बघतो'. ओपनिंगच्या गाण्यांवर तुम्ही लोक भांडता तेव्हा मी गप्प असतो.

याचा फायदाही आहे. संगीत नाही, किंकाळ्या नाहीत, म्हणजे चित्रात दम असेल तरच पहाटे तीनला डोळे उघडे राहतात. माझ्याकडे मालिका पास-नापास करायची हीच परीक्षा. डेटा रोजचा दीड जीबी, त्यात घरात बहिणीला हॉटस्पॉट, त्यामुळे सीझनला तीनच ठेवतो. सध्या सहा चाखल्यात.

'दान दा दान' ठेवणार, त्यात वाद नाही. मोमोचा भुतांवर विश्वास आहे, परग्रहावरच्यांवर नाही. ओकारुनचं नेमकं उलटं. पैज लागते, ती पडक्या इस्पितळात जाते, तो बोगद्यात, आणि दोघांचंही खरं निघतं. एवढीच गोष्ट, पण ती ज्या वेगानं काढलीय! सायन्स सारू स्टुडिओची माणसं रेषा सरळ ठेवतच नाहीत. बोगद्यातलं भूत म्हणजे एक म्हातारी. ती उभी असते तोवर साधी बाजारात दिसणारी म्हातारी. पळायला लागली की हातपाय शरीराच्या आधी पोचतात, तोंड मागून येतं. आणि भुताच्या तावडीत सापडलात की अख्खं चित्र एका रंगात बुडतं, लाल शाईत बोळा बुडवावा तसं. मला आवाज नकोच होता. (म्हातारी बोगद्यात पहिला प्रश्न काय विचारते ते इथे लिहिण्यासारखं नाही. ज्यांनी बघितलंय ते हसले असतील.)

एक मात्र खटकलं. पहिल्या भागात परग्रहावरच्यांच्या यानात मोमोला कपडे उतरवून बांधून ठेवतात, तो प्रसंग. आवाज असता तर कदाचित मागे गमतीचं संगीत असेल, पात्रं विनोदी सुरात बोलत असतील आणि ते पचून गेलं असतं. माझ्यासमोर नुसतं चित्र होतं. नुसत्या चित्रात ते अजिबात विनोदी नाही.

'रानमा १/२' पण बहुतेक ठेवेन. थंड पाणी पडलं की मुलगी, गरम पडलं की मुलगा. त्याचा बाप पांडा होतो आणि पाट्या लिहून बोलतो, म्हणजे तो तर माझ्यासाठीच बनवलाय.

'ब्लू बॉक्स' सुंदर आहे. सकाळच्या उन्हातला जिम, धुळीचे कण, बॅडमिंटनवाला पोरगा बास्केटबॉलवाल्या सीनियरकडे चोरून बघतोय. पण माझ्या वेळेला ते जमत नाही, झोप येते. 'ड्रॅगन बॉल दाइमा'त गोकू पुन्हा छोटा झालाय, बरं वाटलं, पुढे बघू. 'नात्सुमे'चा सातवा सीझन आलाय, टीव्हीवरचा मागचा २०१७ चा. ते इतकं संथ की दोनदा मला वाटलं नेट अडकलं, आणि दोन्ही वेळा नेट ठीक होतं.

आता खरा प्रश्न. 'ओर्ब'. सगळे म्हणतात सीझनमधलं सगळ्यात भारी तेच. मी दोन भाग बघितले. पहिल्याच दृश्यात छळ, मग अंधाऱ्या खोल्यांत माणसं बोलतात, मग रानात अंधारात बोलतात. दुसऱ्या भागाला मी चक्क झोपलो, लाद्यांची फेरी दहा मिनिटं उशिरा झाली. माझ्या परीक्षेत ते नापास. पण परीक्षाच चुकीची असेल तर? ठेवू की काढू?

दापोलीची_मास्तरीण
२० ऑक्टोबर, सकाळी ७:१५

बर्फवाले दादा, काढू नका. आणि ब्राइटनेस वाढवा, निम्मी तक्रार तिथेच मिटेल. ते खरंच फार काळोखं बनवलंय, मी दिवसा बघायला गेले तर पडद्यात माझाच चेहरा दिसत होता.

पण तुमची परीक्षा इथे लागू नाही हे खरं. ही मालिका म्हणजे वाद आहे, युक्तिवाद. बारा वर्षांचा राफाल, अतिशय हुशार आणि तितकाच लबाड. मोठ्यांना काय ऐकायला आवडतं ते ओळखून तेच बोलायचं, की जगात सगळं सोपं, हे त्याचं धोरण. हुबर्ट नावाचा अभ्यासक भेटतो आणि त्याला एकदा 'पृथ्वी हलते' असं धरून आकाशाकडे बघायला लावतो. त्यानंतर त्या पोराला आपलं धोरण पाळता येईनासं होतं. हे सगळं बोलण्यात घडतं. मूळ मांगा (जपानी कॉमिक) उओतो यांची, आठ खंडांची, २०२२ मध्ये तिला तेझुका ओसामू पुरस्काराचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. ॲनिमे मॅडहाउस स्टुडिओनं केलंय.

आता मास्तरीण असल्यामुळे एक खोडी काढतेच. हा इतिहास म्हणून बघू नका. मालिकेतला काळ पंधराव्या शतकाचा आहे, पण कोपर्निकसचं पुस्तक आलं १५४३ मध्ये आणि गॅलिलिओवरचा खटला १६३३ चा. पंधराव्या शतकात सूर्यकेंद्री कल्पनेसाठी अशी सरसकट माणसं जाळत नव्हते. लेखकालाही ते ठाऊक असणार, म्हणून तर देशाचं नाव नुसतं 'पी' आणि धर्माचं 'सी'. मला ही युक्ती आवडली. कुणाच्या अंगावर न जाता हवं ते बोलून घेतलंय.

आणि तुम्ही बंदरावरचे, म्हणून हे सांगायचा मोह होतोय. आर्यभटानं इसवी सन ४९९ च्या सुमारास पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे समजवायला दाखला दिलाय तो होडीचा. पुढे जाणाऱ्या होडीतल्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे आपल्याला तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. (हे स्वतःभोवती फिरण्याबद्दल आहे, सूर्याभोवती फिरण्याबद्दल नाही. व्हॉट्सॲपवर दोन्हींची खिचडी करून पाठवू नका, हात जोडते.) मी सातवीला हे शिकवते तेव्हा पाजपंढरीची कोळ्यांची पोरं 'मग त्यात काय एवढं' अशा चेहऱ्यानं बघतात. त्यांनी ते रोज बघितलेलं असतं.

तिसरा भाग बघा. त्यावर आत्ता काही बोलत नाही.

कुडाळचो_झिल
२० ऑक्टोबर, सकाळी ११:०५

व्हय म्हाराजा! धागो काढलंस ता बरा केलंस. त्या म्हातारेक पयल्यांदा बगलंय तेव्हा माका माजी आजी आठवली. पळणारी नाय हां, सांगणारी.

आता शुद्ध लिहितो, नाहीतर पुणेकर भाषांतर मागतील.

'दान दा दान'चा तिसरा भाग बघितलास ना? त्यात मोमोची आजी सेइको सांगते की तिची ताकद तिच्या गावच्या देवाकडून उसनी घेतलेली आहे, गावाची हद्द ओलांडली की संपली. मी तिथे थांबवलं आणि बायकोला हाक मारली, म्हटलं हे ऐक, हे जपानात बसून कुणी लिहिलं? आमच्याकडे याहून वेगळं काय आहे? प्रत्येकाची हद्द ठरलेली. गिरा खाडीत, मुंजा पिंपळावर, चकवा पायवाटेवर, देवचार सीमेवर. देवचाराला वाटेत विडी ठेवायची, तो राखण करतो. दुसऱ्याच्या हद्दीत कुणी शिरत नाही. आमची आजी सांगायची, गिऱ्याच्या डोक्यावरचे केस कापून लपवून ठेवले तर तो तुझ्या घरी पाणी भरतो. पण केस सापडले की त्याच रात्री घर बुडवतो. म्हणजे आमच्यातही चोरी आहेच. फक्त जपानी म्हातारी जे चोरते ते आमच्या गिऱ्याला सुचलं नव्हतं.

आणि बोगद्यात म्हातारीबरोबर तो खेकडा! एवढी मोठी कुर्ली बघून भीती वाटायच्या ऐवजी मला कालवणाचं वाटप आठवलं, त्याला मी काय करू.

यानातल्या प्रसंगाबद्दल तुझ्याशी सहमत. मी आवाज लावून बघितलं, तरी खटकलंच. मागे गमतीचं संगीत असतं तरी काय फरक पडला नसता.

डोंबिवली_राजापूर_पॅसेंजर
२० ऑक्टोबर, दुपारी २:३०

हा झिल बरोबर बोलला. माझं ऐका. दसऱ्याला गावी निघालो, पहिला भाग डाउनलोड करून घेतला होता. रत्नागिरीच्या अलीकडे गाडी करबुड्याच्या बोगद्यात शिरली. साडेसहा किलोमीटर, कोकण रेल्वेवरचा सगळ्यात लांब. डबाभर तो घुमणारा आवाज, खिडकीत काळोख, आणि मोबाईलवर नेमकी बोगद्यातली म्हातारी. समोरच्या बाकावर पांढरं लुगडं नेसलेल्या एक आजी झोपल्या होत्या. मी भाग बंद केला. बोगदा संपल्यावर लावला. चेष्टा करायची नाही.

बोगद्यात गाडीच्या बरोबरीनं ताशी १०० किलोमीटरनं पळणाऱ्या म्हातारीची दंतकथा जपानात खरोखर सांगतात, ती मांगाकारानं बनवलेली नाही. आपल्याकडे मुंबई-गोवा हायवेवर तिला सोडली तर पेण येईपर्यंत गुडघे धरून बसेल.

बर्फवाल्या भावा, 'रानमा'वर तू अन्याय करतोयस. म्हणजे ठेवतोयस ते ठीक, पण त्यातली खरी गोष्टच तुझ्यापर्यंत पोचत नाहीये. रुमिको ताकाहाशींची मांगा १९८७ ची, पहिलं ॲनिमे १९८९ चं. आता 'मापा' स्टुडिओनं नव्यानं काढलं तरी रानमाचे दोन्ही आवाज आणि अकानेचा आवाज तेच जुने! काप्पेई यामागुची, मेगुमी हायाशिबारा, नोरिको हिदाका. ३५ वर्षांनी तीच माणसं सोळा वर्षांच्या पोरांसारखी एकमेकांवर ओरडतायत. मी फक्त तेवढ्यासाठी बघतोय. आणि तू म्हणतोस पांडा पाट्या दाखवतो ते आवडलं. अरे!

'दाइमा'बद्दल एवढंच. मे महिन्यात गावी मामाकडे एक टीव्ही, त्यावर हिंदीतलं ड्रॅगन बॉल, आणि गोकू शक्ती गोळा करायला लागला की नेमकी लाईट जायची. तीन वर्षं मी तो एक हल्ला पूर्ण झालेला बघितला नाही. ड्रॅगन बॉलचे कर्ते तोरियामा १ मार्चला गेले. 'दाइमा'ची कथा त्यांची आहे. ती चांगली की वाईट हे मला विचारू नका, मी सगळी बघणार.

अलिबागची_आई
२० ऑक्टोबर, रात्री ९:५०

सगळ्यांचं वाचून गंमत वाटली, कारण माझं दादांच्या नेमकं उलटं आहे. मी ऐकते, बघत नाही.

संध्याकाळी भाकऱ्या चालू असतात तेव्हा सातवीतली लेक ओट्याच्या कोपऱ्यावर टॅब ठेवते आणि सबटायटल मराठीत वाचून दाखवते. जपानी मागे चालू, वर हिची कॉमेंट्री. तव्यावरून नजर काढायची सोय नाही, त्यामुळे माझ्यापुरतं ॲनिमे म्हणजे आवाज आणि हिचं भाषांतर. या सीझनला आम्ही फक्त 'नात्सुमे' लावलंय. 'दान दा दान' आणि 'रानमा' लहानांपुढे लावायची नाहीत, इथे कुणी आई-बाबा वाचत असतील तर सांगून ठेवते. पहिल्याच भागांत उघडेवाघडे प्रसंग आहेत.

परवा हिची गाडी एका शब्दावर अडली. नात्सुमे या पोराला जे दिसतात त्यांना मराठीत काय म्हणायचं? मी म्हटलं भूत म्हण. म्हणाली, "नाही गं आई, ते मेलेले नाहीयेत ना. ते पहिल्यापासून तिथेच राहतात." मग राक्षस? "ते वाईट पण नाहीयेत." भाकरी करपली, शब्द सापडला नाही. शेवटी ती 'तिथले लोक' म्हणते. "आता एक तिथला माणूस आला आणि म्हणाला माझं नाव परत दे." कुणाला चांगला शब्द सुचतो का?

दादा, 'नात्सुमे' संथ आहे ते खरं, पण ते कानांनी बघायचं आहे. रातकिडे, पाऊस, सरकत्या दाराचा आवाज. तुमच्या फॅक्टरीत त्याला काही अर्थ नाही, काढून टाका.

कुडाळचो_झिल
२० ऑक्टोबर, रात्री ११:२०

ताई, तुमची लेक आमच्या गावात गाऱ्हाणं घालायला बसवली पाहिजे.

शब्द आहे. राखणदार. सगळ्यांना चालणार नाही, पण निम्म्यांना चालेल. आमच्याकडे जत्रेला, किंवा नवीन घराला, किंवा म्हशीला काही झालं तरी गावकर देवळात उभा राहून गाऱ्हाणं घालतो. त्यात तो देवीपासून सुरुवात करतो आणि मग एकेकाचं नाव घेतो. वडाखालचा, व्हाळावरचा, सीमेवरचा, ज्याची मूर्ती नाही, ज्याचा नुसता दगड आहे, त्याचंसुद्धा. नाव घेतलं की मागे सगळे म्हणतात "व्हय म्हाराजा". एखाद्याचं राहिलं तर म्हातारी माणसं मधेच टोकतात. राहिलेला रागावतो म्हणे.

'नात्सुमे'मध्ये रेइको आजीनं त्यांना हरवून त्यांची नावं वहीत लिहून घेतली आणि वही नातवाकडे आली. तो एकेकाला नाव परत देतो, कागद तोंडात धरून फुंकर मारतो, अक्षरं कागदातून उठतात आणि त्याच्या कपाळात शिरतात. ते बघताना मला दर वेळी आमचे जुने गावकर डोळ्यांपुढे येतात. त्यांना साठ-सत्तर नावं तोंडपाठ होती. दोन वर्षांपूर्वी गेले. आता त्यांचा मुलगा कागदावरून वाचतो, आणि मागच्या जत्रेला एक नाव राहिलं ते कुणालाच आठवेना. एवढंच आठवत होतं की एक राहिलंय.

बर्फवाल्या, तू 'नात्सुमे' काढ किंवा ठेव, पण ते नेट अडकल्यासारखं वाटतं म्हणून काढू नको.

दापोलीची_मास्तरीण
२१ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

झिल, हे तुम्ही वेगळा धागा काढून लिहा. आणि ती नावं लिहून काढा कुणीतरी, खरंच.

'ओर्ब'बद्दल कालचं राहिलं होतं. गेल्या आठवड्यात धूमकेतू दिसत होता, त्सुचिनशान-ॲटलस. १२ तारखेला तो पृथ्वीच्या सगळ्यात जवळ होता, म्हणजे सुमारे ७ कोटी किलोमीटर. पश्चिमेला क्षितिज मोकळं असलं की बस, आणि आपल्याला तर समोर समुद्रच. मी शाळेची दहा-बारा पोरं मुरुडच्या किनाऱ्यावर नेली. पहिले दोन दिवस ढग. १५ तारखेला सूर्य बुडाल्यावर पाऊण तासानं शुक्राच्या उजव्या अंगाला, जरा वर, एक पुसट रेघ दिसली. खडूचं बोट फळ्याला लागावं तशी. दोन पोरांना दिसली, चार जणांनी दिसली असं म्हटलं, बाकीचे खेकड्यांमागे गेले.

घरी येऊन मी 'ओर्ब'चा पहिला भाग पुन्हा लावला. मालिकेत रात्रीचं आकाश ज्या तपशिलानं काढलंय तो तुम्हाला ट्यूबलाईटखाली दिसणारच नाही. दादा, दिवे घालवता येत नाहीत का तुमच्याकडे?

बर्फवाला_हर्णै
२१ ऑक्टोबर, सकाळी ९:००

ताई, दिवे घालवले तर कुणीतरी मिठाच्या पाण्याच्या टाकीत पडेल. कॅन बुडवलेले असतात, वर लाकडी फळ्या, त्या ओल्या. एकदा माझा पाय गुडघ्यापर्यंत गेला होता. उणे दहाच्या आसपासचं पाणी काय असतं ते बूट काढल्यावर कळतं.

धूमकेतू मी पण बघितला असता, पण त्याच वेळी पाळीला निघालेलो असतो. आमच्याकडे त्या दिवसांत तांडेल लोक वाऱ्याकडे बघत होते, होड्या आंजर्ल्याच्या खाडीत नेऊन ठेवायच्या की काय म्हणून. होड्या थांबल्या की बर्फाला गिऱ्हाईक नाही, आणि मग माझा ॲनिमेचा कोटा पूर्ण होतो. तुमचं हवामान खातं वेगळं, आमचं वेगळं.

डोंबिवलीकर, आवाजाचं पटलं. रविवारी सुट्टी असते, घरी 'रानमा' आवाज लावून बघितलं. आईनं विचारलं कुणाचं भांडण चाललंय.

झिल, त्या राहिलेल्या नावाचं वाचून मी 'नात्सुमे' काढलं नाही. तिसरी जागा अजून रिकामी ठेवलीय.

डोंबिवली_राजापूर_पॅसेंजर
२१ ऑक्टोबर, सकाळी ९:४०

तिसरी जागा 'दाइमा'ला दे. लाईट जायच्या आत.

बर्फवाला_हर्णै
२३ ऑक्टोबर, सकाळी ८:५०

लाईट गेली.

काल रात्री पावणेदोनला. परतीचा पाऊस, समुद्रावर विजा, एक मोठा आवाज झाला आणि सगळं बंद. जनरेटर आहे, पण तो नुसते चार दिवे ओढतो, कॉम्प्रेसर नाही. दोन वर्षांत पाळीवर असताना मी ती फॅक्टरी गप्प झालेली ऐकली नव्हती. आधी कानात दडे बसल्यासारखं झालं. मग एकेक यायला लागलं. पत्र्यावरचा पाऊस, क्रशरच्या तोंडातून ठिबकणारं पाणी, बंदरावरची कुत्री. माझ्याबरोबरचा खलाशांतला एक पोरगा गुणगुणत होता. तो रोज गुणगुणतो हे मला माहीतच नव्हतं.

वर फोन लावले, लाईनमन पाऊस थांबल्यावर बघतो म्हणाला. करण्यासारखं काही नव्हतं. मी 'ओर्ब'चा तिसरा भाग लावला. दिवे मिणमिणते, ब्राइटनेस पूर्ण, आणि आवाज पूर्ण.

राफालचा आवाज मी मनात वेगळाच धरला होता. चिरका, शहाणपणा करणाऱ्या पोराचा. तो निघाला शांत, आणि जरा थकलेला. नंतर बघितलं, माया साकामोतो म्हणून बाई आहेत. पण खरा धक्का नोव्हाकचा. तो छळ करणारा. सबटायटल वाचताना माझ्या डोक्यात तो राकट, ओरडणारा माणूस होता. तो ओरडतच नाही. तो लिलावाला आलेल्या ओळखीच्या माणसासारखा बोलतो, निवांत, जांभई आवरत, जसं काही सुरमईचा भाव विचारतोय. केन्जिरो त्सुदा. पहिल्या दृश्यात हाच आवाज होता का? असणार. मी तेव्हा छळ होणाऱ्याच्या नखांकडे बघत होतो.

मास्तरीणबाई, परीक्षा चुकीची होती, मान्य. 'ओर्ब' ठेवलं. 'दान दा दान', 'ओर्ब', आणि 'रानमा' रविवारी घरी. 'नात्सुमे'चं डोंबिवलीकरांसारखं गाडीत वगैरे बघेन, बहिणीला सांगितलंय डाउनलोड करून ठेव.

एक दुःख सांगतो. राफाल सगळ्यांसमोर उभा राहिला, बोलायला तोंड उघडलं, आणि लाईट आली. कॉम्प्रेसर एकामागून एक सुरू झाले. त्याचं पुढचं सगळं बोलणं मी वाचलं.

चौथा भाग उतरवून ठेवलाय. लावलेला नाही. आभाळ अजून भरलेलं आहे, बघू आज रात्री काय होतं ते. शेठ इथे येत नाहीत ना कुणी?